एआयचे जागतिक नियम: तपासायला आत कोण जाणार?

क्षकिरण

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय सांगणारं एआय सॉफ्टवेअर आलं. रेडिऑलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतात, त्यामुळे मला तरी त्याचा मोठा आधार वाटला. फोटो काढला की मिनिटभरात शून्य ते शंभरमधला एक आकडा येतो. पन्नासच्या वर गेला की थुंकी तपासायला पाठवायची, असं आमच्याकडे ठरलेलं. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केलेली आहे, म्हणजे हे कुणाचं खूळ नव्हे.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी आकडे उतरल्यासारखे वाटायला लागले. दुपारी एक आजी आल्या. तीन आठवडे खोकला, पदर तोंडावर धरून बाकावर बसलेल्या. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात मला ढगाळ पट्टा दिसत होता. मशीनने आकडा दिला ४१. बारा वर्षं फोटो काढतेय, मन मानेना. डॉक्टरांना सांगून थुंकी पाठवली, ती पॉझिटिव्ह आली. मदतकेंद्राला फोन लावला तर तिथला मुलगा सहज म्हणाला, "ताई, शनिवारी रात्री व्हर्जन बदललंय. नव्या व्हर्जनला तुमचा पन्नासचा हिशेब लागू नाही." आम्हाला कुणीही कळवलं नव्हतं. त्या दिवशी आजींच्या आधी किती जण ४१, ४५ घेऊन घरी गेले, ते मी रजिस्टर उघडून बसून काढलं. सहा. सहाही जणांना परत बोलावलं. पाच आले.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. विकणारी कंपनी एका देशातली, सर्व्हर दुसऱ्या देशात, आतलं मॉडेल शिकवलं तिसऱ्याच देशात, आणि फुप्फुस आमच्या तालुक्यातलं. इथे कायदा कोणाचा चालणार?

म्हणून वाचायला लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला २८ देशांनी आणि युरोपीय संघाने एआयच्या सुरक्षेवरच्या परिषदेत एक जाहीरनामा केला. त्यात अमेरिका होती, चीन होता, आपणही होतो. मग तशाच परिषदा: २०२४ मध्ये सोल, २०२५ मध्ये पॅरिस, फेब्रुवारी २०२६ मध्ये आपली दिल्ली. संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यांनी एआयच्या नियमनाचे सात आंतरराष्ट्रीय उपक्रम तपासले. सातही ठिकाणी असलेले देश फक्त सात, आणि एकाही ठिकाणी नसलेले देश ११८.

तर विचारायचं हे की यातलं काही माझ्या मशीनपर्यंत पोचतं का? एआयसाठी देशादेशांत खरोखर पाळला जाईल असा करार होऊ शकतो का? जाणकारांनी लिहावं.

शंकासुर

धागा आवडला. सहावा माणूस सापडला का हो?

क्षकिरण

सापडला. ऊसतोडीला गेला होता. आशाताईंनी टोळीच्या मुकादमाला फोन करून शोधला. त्याची थुंकी निगेटिव्ह आली, देवाची कृपा.

सडेतोड

ताई, तुमचं काम मोठं आहे, पण या परिषदांकडून आशा ठेवू नका. पॅरिसच्या परिषदेचं सहअध्यक्षपद आपल्या पंतप्रधानांकडे होतं. शेवटी जाहीरनाम्यावर अमेरिका आणि ब्रिटन यांनी सहीच केली नाही. ज्यांच्या कंपन्या सगळ्यात पुढे, तेच बाहेर. मग उरलेल्यांच्या सह्यांना काय अर्थ राहतो?

आणि आपल्याला हा अनुभव नवीन नाही. अणूच्या बाबतीत हेच झालं. ज्यांच्याकडे बॉम्ब होते त्यांनी १९६८ मध्ये करार लिहिला की इतरांनी बनवू नये. आपण सही केली नाही. १९७४ मध्ये पोखरण झालं तर आपल्याला माल मिळू नये म्हणून पुरवठादार देशांचा गटच उभा केला. आपली पोळी भाजून झाली की दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतायचं, ही यांची रीत. एआयमध्ये आपण आत्ता कुठे पीठ मळतोय. इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये १०,३७१ कोटी मंजूर झाले, ते आपल्यासाठी मोठे, पण तिकडच्या एकेका कंपनीचा वर्षाचा खर्च याच्या कितीतरी पट आहे. आत्ताच हात बांधून घ्यायचे कशाला?

किनाऱ्यावरचा

सडेतोड, अणूचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझी उमेद तारापूरच्या अणुवीज केंद्रात गेली. आता पालघरला असतो, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, टंकलेखनाच्या चुका माफ करा.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकी बनावटीच्या. आपण एनपीटीवर (तुम्ही म्हणता तोच १९६८ चा करार) सही केली नाही हे खरं, पण या दोन भट्ट्यांवर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख आपण मान्य केली होती. पोखरणनंतर अमेरिकेने इंधन अडवलं, पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने द्यायचं कबूल केलं. या सगळ्या रस्सीखेचीत देखरेख सुरूच राहिली. हे लोकांना माहीत नसतं.

ती देखरेख कशी चालते ते सांगतो. निरीक्षक यायचे, कुणी हंगेरीचा, कुणी जपानचा. वापरलेलं इंधन पाण्याच्या खोल हौदात ठेवलेलं असतं. कागदावर इंधनसळयांच्या जितक्या जुड्या लिहिल्या तितक्या हौदात आहेत का, हे ते मोजायचे. ताज्या काढलेल्या इंधनाभोवती पाण्यात निळसर उजेड दिसतो, तो बघायचं खास यंत्र त्यांच्याकडे असायचं. आणि सील. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, धातूच्या दोन टोप्या एकमेकींत घट्ट बसलेल्या, आतून तार ओवलेली. टोपीच्या आतल्या बाजूला मुद्दाम ओरखडे असतात आणि त्यांचा फोटो व्हिएन्नात ठेवलेला असतो. पुढच्या वेळी ते सील कापून परत न्यायचे आणि ओरखडे फोटोशी ताडून बघायचे. दोन सीलचे ओरखडे सारखे नसतात, त्यामुळे बनावट सील लावून कुणाला फसवता येत नाही.

पहिल्यांदा मलाही राग आला होता. आमच्या भट्टीवर परक्या माणसाने कुलूप का लावावं? आमचे साहेब म्हणाले, हे कुलूप तुला बाहेर ठेवायला नाही, तू खरं बोलतोयस याचा पुरावा म्हणून आहे. ते मला पटलं, आजही पटतं.

आणि एक. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय वापरावर जी जागतिक परिषद झाली तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. दोन वर्षांनी व्हिएन्नाची संस्था उभी राहिली तेव्हा आपण संस्थापक सदस्यांत होतो. नियम लिहिणाऱ्यांत आपण होतो म्हणून पुढे आपल्या अटींवर बोलता आलं.

पन्हाळा

काका, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. ओरखड्यांची गोष्ट माहीतच नव्हती.

सडेतोड

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, युरेनियम मोजता येतं. जुडी हौदात आहे किंवा नाही. एआयचं मॉडेल म्हणजे एक फाइल. हार्डडिस्कवर कॉपी केली की गेली समुद्रापार. तिला कुठलं सील लावणार?

डच_पुणेकर

सडेतोड यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा. फाइल मोजता येत नाही, ती बनवायचा कारखाना मात्र मोजता येतो.

मी नेदरलँड्समध्ये वेल्डहोवनच्या जवळ राहतो, चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. सगळ्यात पुढच्या दर्जाच्या चिप छापायला जे टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) किरणांचं यंत्र लागतं ते जगात एकच कंपनी बनवते, इथली एएसएमएल. एक यंत्र पाठवायचं तर तीन जंबो मालवाहू विमानं लागतात. त्या यंत्रांवर तशा चिप बहुतेक तैवानमध्ये छापल्या जातात, आणि मोठी मॉडेलं शिकवायला अशा हजारो चिप एका छताखाली, महिनोन्‌महिने, प्रचंड वीज खात चालवाव्या लागतात. हे काही परसात लपवून करायचं काम नाही.

म्हणूनच युरोपच्या कायद्यात उंबरठा मोजणीवर ठेवलाय. मॉडेल शिकवताना १० चा २५ वा घात इतक्या आकडेमोडी झाल्या की ते मोठ्या जोखमीचं मानलं जातं आणि कंपनीला चाचण्या, अपघातांची नोंद, सुरक्षा यांचा हिशेब द्यावा लागतो. दंड जबर आहे. बंदी असलेल्या वापरासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त ते.

पण अर्धा मुद्दा सडेतोड यांचाच. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने दाखवून दिलं की कमी ताकदीच्या चिपवर, डोकं लढवून, बऱ्यापैकी वर पोचता येतं. आणि चिप हेच हत्यार केलं की काय होतं तेही आपण पाहिलं. त्याच जानेवारीत अमेरिकेने चिप-विक्रीसाठी जगाची तीन गटांत विभागणी करणारा नियम काढला आणि भारताला दुसऱ्या गटात बसवलं. मे महिन्यात तो मागे घेतला, पण मधले चार महिने आमच्याकडे कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. एका देशाने परस्पर लावलेला नाका वेगळा आणि सगळ्यांनी मिळून मान्य केलेली मोजणी वेगळी. मला दुसरी हवी आहे.

शंकासुर

१० चा २५ वा घात म्हणजे नेमके किती हो?

तिरकी_रेघ

एकावर पंचवीस शून्यं. आपल्या जुन्या मोजणीत एकं, दहं, शतं करत शेवटी परार्ध येतं, त्यावर सतरा शून्यं. म्हणजे दहा कोटी परार्ध. माझ्या आजीला सांगितलं तर म्हणाली, "एवढं मोजायला बसलेल्याला जेवायला कोण वाढतं?" वीजबिलाचा मुद्दा तिने एका वाक्यात संपवला.

दर्यावर्दी

क्षकिरण ताई, तुमच्या "कायदा कोणाचा" या प्रश्नावर आम्हा जहाजावरच्या लोकांनी शंभर वर्षं काढली आहेत. रत्नागिरीचा आहे, सव्वीस वर्षं मर्चंट नेव्हीत, आता किनाऱ्यावर.

मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा किंवा पनामाचा, कॅप्टन युक्रेनचा, खलाशी कोकणातले आणि फिलिपिन्सचे, माल ब्राझीलचा. अगदी तुमच्या मशीनसारखं. कायद्याने जबाबदारी झेंड्याच्या, म्हणजे नोंदणीच्या देशाची. पण काही झेंड्याचे देश फी घेऊन मोकळे व्हायचे, जहाज कुजतंय की तरतंय हे बघायचे नाहीत.

मग १९८२ मध्ये युरोपातल्या १४ देशांच्या बंदर-खात्यांनी पॅरिसला एक समझोता केला: झेंडा कुठलाही असो, आमच्या बंदरात आलात की आमचा माणूस शिडी चढून वर येणार. हिंदी महासागरासाठीही तसाच समझोता १९९८ मध्ये झाला, त्यात आपण आहोत. निरीक्षक तपासणीत काय आढळलं ते एकमेकांना कळवतात, त्यामुळे एका बंदरात सुटलेलं जहाज दुसऱ्या बंदरात सुटत नाही.

रॉटरडॅमला एकदा निरीक्षकबाई आल्या. वय तिशीचं, हातात टॉर्च. कागद सगळे चोख होते. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, लाइफबोट खाली सोडून दाखवा. आम्ही सोडायला गेलो तर हूक गंजून अडकलेला. रंग वरून नवा, आत गंज. जहाज दोन दिवस जागचं हललं नाही. त्या वेळी ओशाळलो, पण नंतर विचार केला की त्या बोटीत बसायची वेळ माझ्यावरच आली असती.

म्हणून माझं मत असं की जगभरच्या एकमताची वाट बघू नका. बंदरं बघा. युरोपचा एआय कायदा हा असाच बंदराचा कायदा आहे. कंपनी कुठलीही असो, आमच्या बाजारात यायचं तर आमचा माणूस वर चढणार. भारत हे तर फार मोठं बंदर आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणून जेवढी माणसं आहेत तेवढी युरोपात नाहीत.

आणि उशीर झाला म्हणून निराश होऊ नका. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, समुद्रातल्या सुरक्षेचा पहिला करार १९१४ मध्ये लिहिला गेला, तो महायुद्धामुळे अमलात येऊ शकला नाही. १९२९ मध्ये लोक पुन्हा बसले. आज त्याच कराराच्या पुढच्या आवृत्तीचे नियम पाळल्याशिवाय कुठलंही मोठं व्यापारी जहाज परदेशी बंदरात पाऊल टाकू शकत नाही.

पन्हाळा

दर्यावर्दी, +१. "कागद बाजूला ठेवले" हे सगळ्यात महत्त्वाचं. सोलच्या परिषदेत १६ कंपन्यांनी सुरक्षेची वचनं लिहून दिली. ते सगळे कागदच. वर चढणारा माणूस कुठे आहे?

सडेतोड यांना एक विचारतो. माणसाच्या हुकमाशिवाय मारणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांवर डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. १५२ देश बाजूने, चार विरोधात. त्या चारांत आपण, रशिया, बेलारूस आणि माली. मला हे मतदान वाचून वाईट वाटलं. ठरावात बंदीसुद्धा नव्हती, फक्त सरचिटणीसांनी देशांची मतं गोळा करून अहवाल द्यावा इतकंच होतं.

सडेतोड

विरोधात म्हणजे चर्चेच्या विरोधात नव्हे. भारताची भूमिका अशी की हा विषय जिनिव्हाच्या पारंपरिक शस्त्रांच्या करारातच हाताळावा, कारण तिथे मोठ्या लष्करी सत्ता टेबलावर असतात. तिथल्या तज्ज्ञ गटाचं अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये आपल्याच अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होतं. तिथली तत्त्वं त्यांच्याच काळात आकाराला आली. समांतर दुकान काढलं की मूळ दुकान ओस पडतं.

पन्हाळा

भूमिका समजली. पण त्या टेबलावर सगळं एकमताने करावं लागतं, आणि एकजण अडला की सगळे अडतात. आपली सीमा बघता सैन्याची गरज मला कळते, माझा भाऊ फौजेत आहे. तरी शेवटचं बटण माणसाच्या हाताखाली असावं, एवढं तरी आपण सगळ्यांआधी म्हणायला हवं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांपुरतं तेवढं तरी म्हटलं.

गारवा

राजकारण मला कळत नाही, फ्रिज कळतो. कोल्हापुरात पस्तीस वर्षं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. एक करार मी स्वतःच्या हाताने पाळलाय, त्याबद्दल लिहितो.

मी शिकलो तेव्हा आर-१२ गॅस होता. पांढरा सिलिंडर. दुरुस्तीला फ्रिज आला की नळी सैल करायची, जुना गॅस फुस्स करून हवेत, मग नवा भरायचा. दिवसाला चार-पाच वेळा. वास नाही, रंग नाही, अपाय नाही, कोण कशाला विचार करतंय? वर ओझोनला भोक पडतंय हे आम्हाला एका सरकारी प्रशिक्षणात कळलं. तिथे गॅस हवेत न सोडता परत टाकीत ओढून घ्यायचं यंत्र दाखवलं, नवा आर-१३४ए शिकवला, त्याचा सिलिंडर फिकट निळा. तेलसुद्धा वेगळं लागतं, जुनं तेल घातलं की कॉम्प्रेसर गेलाच.

नंतर मुलीने मला सगळं समजावून सांगितलं, ती पर्यावरणशास्त्र शिकली. मॉन्ट्रियलचा करार १९८७ चा. भारत आणि चीन आधी आत गेलेच नाहीत. म्हणाले, घाण तुम्ही केली, आता फ्रिज आमच्या घरात यायला लागला तेव्हा तुम्ही गॅस बंद करताय. नवं तंत्र घ्यायला पैसे द्या, जास्त मुदत द्या. १९९० मध्ये लंडनला तसा निधी मान्य झाला आणि आपण १९९२ मध्ये सही केली. आम्हाला २०१० पर्यंत मुदत मिळाली. आज त्या करारात जगातला प्रत्येक देश आहे.

सडेतोड म्हणतात तो राग बरोबर आहे. पण आपल्या लोकांनी तो राग टेबलावर नेऊन त्याची किंमत वसूल केली, आणि गॅसही बंद केला. त्या निधीतलेच पैसे माझ्यासारख्या मेस्त्रीच्या प्रशिक्षणापर्यंत आले. एआयमध्ये तसं का मागू नये? चिप द्या, संगणक द्या, आमची माणसं शिकवा, मग आमचे दरवाजे तपासायला उघडे.

सडेतोड

गारवा दादा, हे मान्य. अशा अटींवर माझी सही पहिली.

तिरकी_रेघ

भाषेचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढते. अनुवादाचं काम करते.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट करून बघितली. जे घातक प्रश्न इंग्रजीत विचारल्यावर चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ मॉडेल उत्तर नाकारतं, तेच झुलू, स्कॉट्स गेलिक अशा भाषांत भाषांतर करून विचारले. बऱ्याच वेळा कुंपण कोसळलं. इंटरनेटवर कमी मजकूर असलेल्या भाषांत सुरक्षेची चाचणीच पुरेशी झालेली नसते. म्हणजे तिकडे परीक्षा पास झालेलं मॉडेल इकडे मराठीत वेगळंच वागू शकतं.

माझ्या भाचीने एका आरोग्य-चॅटबॉटला लिहिलं, "उद्या निकाल, पोटात गोळा आलाय." त्याने तिला सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलं. घरात खूप हसलो. नंतर वाटलं, कुणी खरंच "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं" असं लिहिलं तर त्याला ते कळेल का? चाचणी घेणाऱ्या परदेशी संस्थेत हा वाक्प्रचार जाणणारं कुणी असेल का? आपण तिथे नसलो तर आपल्या वतीने हे कोण विचारणार? जे ११८ देश कुठेच नाहीत, त्यांच्या भाषांचंही हेच होणार.

मात्रा

उशिरा येतोय, दुकान बंद करून आत्ता बसलो. फार्मासिस्ट आहे. चर्चा छान चाललीय, पण क्षकिरण ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहून गेलंय.

ताई, तुमचं सॉफ्टवेअर भारतात कायद्याने "वैद्यकीय उपकरण" आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे, आणि १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसुद्धा त्या व्याख्येत आलं. म्हणजे त्यावर अधिकार केंद्रीय औषध नियंत्रक संस्थेचा, सर्व्हर कुठल्याही देशात असो. उपकरणामुळे अपाय झाला किंवा थोडक्यात टळला तर कळवायची व्यवस्थाही आहे, मटेरिओव्हिजिलन्स नावाची, २०१५ पासून. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते. तुमच्या आजींची गोष्ट "थोडक्यात टळलं" या सदरात चपखल बसते. फॉर्म कुणीही भरू शकतं, डॉक्टरच लागतो असं नाही.

आता आंतरराष्ट्रीय भाग. ब्लेचली-पॅरिसचे फोटो पेपरात येतात. दुसरीकडे उपकरण-नियामकांचा एक आंतरराष्ट्रीय मंच २०११ पासून गाजावाजा न करता काम करतोय. २०२४ मध्ये भारत त्याचा संलग्न सदस्य झाला. या मंचाने जानेवारी २०२५ मध्ये एआय असलेल्या वैद्यकीय उपकरणांसाठी दहा तत्त्वं प्रसिद्ध केली: उपकरण ज्यांच्यावर वापरायचं तशाच लोकांवर ते तपासा, वापरणाऱ्याला स्पष्ट माहिती द्या, बाजारात गेल्यावरही कामगिरीवर लक्ष ठेवा. आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन यांच्या नियामकांनी २०२३ मध्ये मिळून एक कल्पना मांडली, ती तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. पुढे मॉडेलमध्ये काय बदल करणार, ते कसे तपासणार, हे कंपनीने आधीच लिहून नियामकाकडून मंजूर करून घ्यायचं. शनिवारी रात्री गुपचूप काही नाही.

तेव्हा काही पोचतं का, तर रस्ता तयार आहे. तुमच्या मशीनपर्यंतचा शेवटचा मैल आपल्यालाच घालावा लागेल, कारण तालुक्यातून तक्रारच गेली नाही तर दिल्लीतल्या माणसाला कळणार कसं आणि तो त्या मंचावर सांगणार काय?

किनाऱ्यावरचा

मात्रा, उत्तम. हेच हौदातल्या जुड्या मोजणं.

क्षकिरण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस रात्रपाळी होती, उत्तर द्यायला उशीर झाला.

मात्रा दादा, फॉर्म भरला. डॉक्टरही सहीला तयार झाले. सोबत त्या दिवसाचे सात आकडे, सात थुंकीचे निकाल आणि मदतकेंद्राशी बोलणं झालेली वेळ जोडली. रुग्णांची नावं काढून टाकली.

दर्यावर्दी दादांच्या निरीक्षकबाई आणि काकांचं सील डोक्यात घोळत होतं. आमच्याकडे एक जुनं आडवं रजिस्टर पडून होतं, त्याला कालपासून रेघा मारल्या. रकाने असे: तारीख, सकाळी मशीन सुरू केल्यावर स्क्रीनवर दिसणारा व्हर्जन क्रमांक, दिवसातले एकूण फोटो, पन्नासच्या वर किती, त्यातल्या थुंकी पॉझिटिव्ह किती, आकडा कमी असूनही आम्ही पाठवलेल्या किती, सही. शिवाय एक ठरावीक जुना फोटो आहे, निदान पक्कं झालेला. तो रोज सकाळी पहिल्यांदा मशीनला दाखवायचा आणि आकडा लिहायचा. कालही ४८ आणि आजही ४८. ज्या दिवशी हा आकडा हलेल त्या दिवशी काम थांबवून फोन.

दर्यावर्दी

ठरावीक फोटोची कल्पना फार आवडली! आम्ही बंदर सोडण्याआधी सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघतो, तसंच हे. एक सुचवतो: रजिस्टरची पानं आधीच क्रमांक घालून ठेवा आणि खाडाखोड झाली तर आडवी रेघ मारून शेजारी सही. पान फाडलं की लगेच दिसतं.

पन्हाळा

जुलै २०२६ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एआयवरचा पहिला जागतिक संवाद आहे, ऑगस्ट २०२५ च्या ठरावाप्रमाणे. त्यासोबत ४० तज्ज्ञांचं वैज्ञानिक मंडळही ठरलंय. अशा रजिस्टरची पानं दहा तालुक्यांतून जमा झाली तर आपल्या शिष्टमंडळाकडे ठेवायला काहीतरी ठोस असेल. पत्राचा मसुदा मी लिहायला घेतो. तिरकी_रेघ, मराठी चाचणीचा परिच्छेद तुम्ही द्याल का?

तिरकी_रेघ

देते. रविवारपर्यंत. पोटातल्या गोळ्यासकट.

रानवारा

क्षकिरण ताई, मी शेजारच्या जिल्ह्यात आहे, आमच्याकडेही असंच सॉफ्टवेअर आहे. धागा वाचून आज दुपारी व्हर्जन क्रमांक शोधायला बसले. स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. मेनू सगळे उघडून पाहिले, अहवालाच्या खालीही नाही. मदतकेंद्राला लेखी विचारलंय. तुमचा ठरावीक फोटो कसा निवडलात, काठावरचा आकडा मुद्दाम घेतलात का, ते सांगाल? उद्या सकाळी सातला मशीन सुरू होतं.

क्षकिरण

हो, मुद्दाम काठावरचा घेतला. ९० चा घेतला असता तर बदल झाल्यावरही तो वरच राहिला असता, कळलंच नसतं. पक्कं निदान झालेले, ४५ ते ५५ मधले तीन फोटो काढून ठेवा, एकावर विसंबू नका. मीही उद्यापासून तीन करते.